शिवांजलीचा सिनेमा आणि माझे कान

लेकीचा सिनेमा विमानात बसून बघायचा, असं मी ठरवलं आणि तिथूनच माझे ग्रह फिरले. सिनेमा चाळीस मिनिटांचा. शिवांजलीनं तो आठ दिवसांपूर्वीच फोनवर पाठवला होता. पण ती नोकरीची परीक्षा सोडून दिल्लीला सिनेमा शिकायला गेली, तेव्हापासून वर्षभर मी तिच्याशी बोलत नव्हतो. (ती बोलायची. मी फोन हिच्याकडं द्यायचो.) शेवटी हिनं परस्पर दोन तिकिटं काढली. लेकीचा निरोप एवढाच होता, "अण्णांना म्हणावं, सिनेमा नीट ऐकून या. मग बोलू." माझा जीव तुटत होता, पण कचेरीत तीस वर्षं आवक-जावक सांभाळलेला माणूस एवढ्यात विरघळला, असं दिसायला नको होतं. म्हणून बघणं शेवटच्या घडीवर ठेवलं.

भूमहून निघताना शेजारचे बशीरभाई अत्तराची कुपी घेऊन आले. "लेकीकडं पहिल्यांदा चाललाव साहेब, असं कोरडं जाऊ नका," म्हणत त्यांनी माझ्या दोन्ही कानांत हिना अत्तरात भिजवलेले कापसाचे फाये ठेवून दिले. पुण्यापर्यंत सगळी एसटी घमघमत होती.

विमान वर गेल्यावर मी बाजारातून आणलेला नवा इयरफोन काढला. एक टोक हिच्या कानात, दुसरं माझ्या. पडद्यावर बनियनवर बसलेला एक ढेरपोट्या माणूस पेपर वाचत होता आणि समोर एक पोरगी तळमळून काहीतरी सांगत होती. मला फक्त विमानाची घरघर ऐकू येत होती. मी आवाज पूर्ण वाढवला, इयरफोन अंगठ्यानं आत रेटला. आवाज आणखीच कमी झाला.

"काय म्हणतीय ती?"

"गप बसा, ऐकू द्या."

"मला काहीच ऐकू येईना."

"मग हे माझं घ्या."

आम्ही टोकं बदलली, हे मी दुसऱ्या कानात रेटलं. हिला लख्ख ऐकू येत होतं, कारण ती पदरानं डोळे पुसत होती. मला परत घरघर.

तेव्हा मी ओळखलं. बहिरा झालो. वर्षभर लेकीचा एक शब्द ऐकून घेतला नाही आणि ऐकायला बसलो तर कानच गेले. मला खरंच रडू फुटलं. हवाई सुंदरी धावत आली. तिचे ओठ हलताना दिसले आणि मी सवयीनं "उद्या या" म्हणालो. (मी हे सगळं ओरडून बोलत होतो, असं हिनं नंतर सांगितलं. पुढच्या तीन रांगा वळून बघत होत्या, ते मात्र मला दिसत होतं.)

इकडं पडद्यावर पोरगी बोलतच होती आणि तो माणूस पेपरचं पान उलटत होता.

"असला दगड बाप कुठं असतो का?" मी हिला विचारलं.

हिनं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

सिनेमा संपला. परत पहिल्यापासून लावावा तर फोनच बंद पडला. विमान उतरायला लागलं तसे कान ठणकायला लागले. हिनं डोकावून बघितलं, केसांतला आकडा काढला आणि आत रुतलेले दोन्ही फाये ओढून बाहेर काढले. एकदम लेकरांची रडारड, पट्ट्यांची खटखट, सगळं ऐकू यायला लागलं. ऐकायचं होतं तेवढं सोडून.

बाहेर शिवांजली उभी होती. सोबत तिची मैत्रीण, कॅमेरा सांभाळणारी परंड्याची अलिजा. 'लई भारी सिनेमा' असं ठोकून द्यायचं मी मनाशी घोकलं होतं. पण पोरगी वाळली होती. तिच्या तोंडाकडं बघून खोटं बोलवेना.

"शिवा, एक शब्द ऐकू आला न्हाय गं मला," मी म्हणालो. "चाळीस मिनिटं नुसता बघत बसलो. तू आता सांग. मी ऐकतो."

आता पोरगी पाठ फिरवून जाणार, असं मला वाटलं. तिनं डोळे पुसले, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि अलिजाकडं वळली.

"बघ, तू म्हणत होतीस ना, सिनेमातला बाप जरा वाढवून लिहिलाय म्हणून?"