लाल शेवाळ आणि टोचणकर सरांचा पूर्णविराम

एका जंगलात, मुलांनो, एक विद्यापीठ होतं. तुमच्या जंगलात अजून नाही? असू दे, येईल.

त्या विद्यापीठात तरंगिणी नावाचं एक पाणमांजर संशोधन करत होतं. तिचा विषय होता जंगलातलं मोठं तळं. तळ्यावर लाल शेवाळ चढलं होतं. मोठ्या जनावरांना ते पाणी बाधत नसे, पण पिल्लांच्या पोटात गेलं की पिल्लं मलूल होत, खाणं सोडत. डोंगरापलीकडे स्वच्छ पाण्याचा झरा होता, पण तो लांब होता. लांबचं पाणी प्यायला कुणालाही काहीतरी कारण लागतं.

तरंगिणीने बुड्या मारल्या, शेवाळ तपासलं, आजारी पिल्लांच्या आयांना गाठलं आणि प्रबंध लिहिला. नदीपलीकडे खंड्या नावाच्या पक्ष्याने अशाच एका तळ्यावर लेख लिहिला होता. तो एका ऑनलाइन नियतकालिकात आला होता. तरंगिणीने तो पूर्ण वाचला, त्याचा आधार घेतला आणि प्रामाणिकपणे संदर्भसूचीत त्याची नोंद केली.

इथेच तिचं चुकलं.

प्रबंध गेला टोचणकर सरांकडे. टोचणकर सर म्हणजे सुतारपक्षी, विद्यापीठाचे संदर्भ-परीक्षक. बाकीचे परीक्षक प्रबंध पहिल्या पानापासून वाचत. सर शेवटच्या पानापासून वाचत, आणि तिथून पुढे सरकायची वेळ त्यांच्यावर आजवर आली नव्हती.

“खंड्याचा खंड कुठे आहे?” सरांनी विचारलं.

तरंगिणी म्हणाली, की हे नियतकालिक फक्त ऑनलाइन निघतं, त्याला खंड नसतात. प्रत्येक लेखाला एक कायमचा क्रमांक असतो. त्यावरून लेख कुठूनही सापडतो, आणि तो तिने दिला आहे. सरांनी प्रबंध परत केला. लेख पाहिल्याची तारीख नव्हती.

तिने तारीख घातली. तेवढ्यात नियमावलीची नवी आवृत्ती आली. कायमचा क्रमांक असताना तारीख घालणं हे आता अडाणीपणाचं लक्षण ठरलं होतं. तिने तारीख काढली. मग सरांना दुव्याच्या शेवटी पूर्णविराम दिसेना. नोंद संपली हे वाचकाने ओळखायचं कसं? तिने पूर्णविराम दिला. पूर्णविराम दुव्याला चिकटला आणि दुवा उघडेनासा झाला. सरांनी शेरा मारला, ‘दुवा उघडत नाही, सबब लेख अस्तित्वात असल्याबद्दल शंका.’

तळ्यावरची पिल्लं तोवर पाणी पीतच होती.

शेवटी तरंगिणी स्वतःच काठावर जाऊन उभी राहिली. येईल त्याला सांगू लागली, की हे पाणी पिल्लांना पाजू नका. जनावरं भली होती. ती ऐकून घेत, आणि हे कुठे छापून आलंय का, असं विचारत. अजून मंजूर झालं नाही म्हटल्यावर मान हलवून पाण्यात तोंड घालत.

सोनाक्का नावाची हरिणी रोज पाडसाला घेऊन येई. ती तरंगिणीची लहानपणापासूनची ओळखीची. ती म्हणाली, “तुझ्यावर माझा विश्वास आहे गं. पण विद्यापीठानेच तुझं परत पाठवलं ना? त्यांना काहीतरी दिसलं असेल.”

आठवडाभरात सोनाक्काचं पाडस गेलं. तरंगिणी भेटायला गेली तेव्हा सोनाक्काने नुसती जागा करून दिली. दोघी शेजारी बसून राहिल्या.

परतताना वाटेत रंगनाथ सरडा भेटला. रंगनाथ जंगलातला सगळ्यात मोठा विद्वान होता. ज्या नियतकालिकाला जो रंग हवा, तो रंग तो आपल्या संदर्भांना देई. तरंगिणीची हकिगत त्याने शांतपणे ऐकली आणि विचारलं, की एक पाटी लावायला तिची काही हरकत आहे का.

दुसऱ्या दिवशी काठावर पाटी लागली. ‘हे पाणी पिल्लांना पाजू नये.’ आणि खाली, बारीक अक्षरांत: ‘बगळे, ध्यानेश्वर. लाल शेवाळ आणि पाडसांची पोटं. सरोवर-मीमांसा.’ पुढे वर्ष, खंड, अंक, पानं आणि एक लांबलचक कायमचा क्रमांक.

ध्यानेश्वर बगळे नावाचा कुणी नव्हता. सरोवर-मीमांसा नावाचं नियतकालिकही नव्हतं. तरंगिणीने विचारलं, कुणी क्रमांक तपासला तर?  असला प्रश्न रंगनाथला आजवर कुणी विचारला नव्हता.

जनावरांनी पाटी वाचली. खालची ओळ आदराने वाचली. आणि त्याच दिवसापासून आपापली पिल्लं घेऊन ती डोंगरापलीकडच्या झऱ्यावर जाऊ लागली. टोचणकर सरही पाटीवर येऊन बसले, एकेक अक्षर टोचून पाहिलं, आणि इतकी निर्दोष नोंद आपण आजवर पाहिली नाही असं म्हणाले. पुढच्या वर्षभरात जंगलात जो जो लेख निघाला, त्यात बगळ्यांचा हवाला होता.

मग तरंगिणीची तोंडी परीक्षा झाली.

सर म्हणाले, की याच विषयावरचा बगळ्यांचा गाजलेला लेख तिच्या सूचीत दिसत नाही. एवढं मूलभूत काम तिने वाचलंच नाही का?

“सर, तो लेख अस्तित्वातच नाही,” तरंगिणी म्हणाली.

सरांनी चष्मा पुसला. “या विधानाला संदर्भ?”

तरंगिणीने खिडकीबाहेर पाहिलं. तळ्याच्या काठी एकही पिल्लू नव्हतं. तिने लेखणी उचलली आणि खंड्याच्या खाली बगळ्यांचं नाव लिहिलं.

सर प्रसन्न झाले. पदवी तिथेच जाहीर केली. जाता जाता एक सूचना मात्र केली, की बगळ्यांसारखा भक्कम आधार हाती आल्यावर त्या खंड्याचा संशयास्पद लेख तेवढा काढून टाकावा.

तात्पर्य: मुलांनो, खोटं कधीही बोलू नये. बोलावंच लागलं, तर आधी आडनाव, मग नाव, मग वर्ष, आणि नियतकालिकाचं नाव तिरप्या अक्षरांत.