लससाहेब आणि सिरिंजबाई

सकाळी टीव्हीवर बायको दिसली आणि साहेबांना चहाचा ठसका लागला. नवरा-बायको दोघंही आरोग्य खात्यात. साथ सुरू झाल्यापासून वरच्या मजल्यावर नवरा देशासाठी लस खरेदी करी, खालच्या मजल्यावर बायको सिरिंजा. ऑफिसात त्यांची नावंच लससाहेब आणि सिरिंजबाई पडली होती. बाईंच्या सिरिंजांनी गोदाम भरलं, साहेबांची लस मात्र अजून बोलण्यांतच होती.

"सुनेने बघ कसा झटपट माल आणला," आई म्हणाली. "तुझी लस कधी यायची रे? मी गेल्यावर?"

साहेब जळून खाक झाले. ऑफिसात जाताच त्यांनी नाकात टाकायच्या थेंबांची लस मागवली. सुईचं कामच नाही! सिरिंजांचे डोंगर आता धूळ खात पडणार, या विचाराने त्यांना दुपारी चार घास जास्त गेले.

बाईंनी हे ऐकलं मात्र, आपल्याला लागणार नाहीत म्हणून साऱ्या सिरिंजा शेजारच्या देशाला देऊन टाकल्या. झालं! बाई पुन्हा टीव्हीवर. मंत्र्यांनी तोंड भरून कौतुक केलं, आईने टीव्हीचा आवाज वाढवला.

साहेबांना हे बघवेना. त्यांनी थेंबांची ऑर्डर रद्द केली आणि इंजेक्शनची लस मागवली. मागू दे आता हिला सिरिंजा परत!

विमान उतरलं. मंत्री बाह्या सरसावून कॅमेऱ्यासमोर बसले. खोकी उघडली, लस निघाली. सुई औषधालाही नव्हती.

"ही काय आता वाटी-चमच्याने पाजायची?" मंत्री कडाडले. "आठवड्यात लसीकरण सुरू झालं नाही, तर खुर्ची खाली करा!"

साहेब पहिल्यांदाच एक मजला उतरून बायकोसमोर उभे राहिले.

"अगं, त्या सिरिंजा परत माग ना."

"त्या तिकडे गावोगावी वाटूनही झाल्या. पण तुम्ही सोडलेले थेंब त्या शेजाऱ्यांनीच उचललेत, अजून त्यांच्या विमानतळावरच आहेत. म्हटलं, थेंब आम्हाला द्या, इंजेक्शनची लस तुम्ही घ्या. मंत्र्यांची सहीसुद्धा झाली."

"मला न विचारता?"

"अहो, तुम्ही मला विचारत होतात?"

थेंब आले, साहेबांची खुर्ची वाचली. पहिला मान आईला मिळाला आणि "आमच्या सुनेने आणले हो!" असं तिने सगळ्या देशाला सांगितलं. पुढचा नंबर साहेबांचा होता. बाईंनी स्वतःच्या हाताने त्यांच्या नाकात थेंब सोडले, कॅमेरे चमकले, टाळ्या पडल्या. साहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"फार झोंबतं गं हे औषध," ते म्हणाले.

"काहीतरीच तुझं," आई म्हणाली. "मला तर साधं पाणी घातल्यासारखं वाटलं."