उपाशी असल्याचा मेसेज

दुपारचे दोन वाजत आले होते आणि भोकरदनच्या घरात राजानंदची पहिली भाकरी तव्याला चिकटली होती. उलथन्याने खरवडली की निम्मी वर यायची, निम्मी खालीच राहायची. तेवढ्यात फोन वाजला. 'परिवार' ग्रुपवर आक्काचा आवाज आला, "राजा, जेवला का रं?"

आक्का ही त्याची थोरली बहीण, पिंपळगाव रेणुकाईला राहणारी. त्याची बायको केशरबाई वारल्यापासून ती रोज दुपारी हेच विचारायची आणि राजानंद रोज "झालं" म्हणायचा. पोटात काही असो वा नसो, आपल्याकडे या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतं. पण आज त्याला तेवढं एक बोलायचाही कंटाळा आला होता. घरात बोलायचं खातं केशरबाईकडे होतं. तो एसटीत कंडक्टर होता, "पुढं सरका" एवढ्यावर त्याची सगळी नोकरी पार पडली होती.

म्हणूनच मुलीने, साक्षीने, त्याच्या फोनमध्ये ते एआयचं ॲप टाकून दिलं होतं. ती संभाजीनगरला नोकरी करत होती. "पप्पा, याला नीट समजावून सांगायचं. समोरचा कोण, आपली परिस्थिती काय. जितकं सांगाल तितकं चांगलं लिहितो. फक्त पाठवायच्या आधी वाचायचं." आणि जाताजाता तिने बजावलं होतं, "तुम्ही उपाशी राहिलेले एकदा जरी कळलं ना, तर मी गाडी घेऊन येईन आणि तुम्हाला तिकडं नेईन. मग भोकरदन बंद."

राजानंदने पीठ लागलेल्या बोटाने बटण दाबलं आणि सांगितलं तसं सगळं सांगितलं. बहीण आक्का विचारती जेवला का. बायको केशर वारली, वर्ष होत आलं. एकटाच राहतो. आज भाकरी चिकटली. उत्तर लिहून दे. चष्मा कुठेतरी फळीवर होता. आलेला मजकूर त्याने तसाच ग्रुपवर टाकला आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.

ही मात्र जमली. फुगली नाही, पण सुटून आली. त्याने ताटलीत घेतली, वर ठेचा ठेवला आणि पहिला घास मोडणार तोच शेजारच्या घरातून धाकट्या भावाची बायको प्रिया धावत आली.

"दादा, ठिवा ते! करपलेलं खाऊन राह्यले का तुम्ही?" तिने ताटली उचललीसुद्धा. मागून भाऊ संघपाल फोन घेऊन आला.

"दादा, हे काय लिहिलं?"

राजानंदने चष्मा शोधून वाचलं. 'आक्का, तुझ्या चौकशीने मन भरून आले. मी अद्याप जेवलेलो नाही. आज भाकरी तव्याला चिकटली. केशर गेल्यापासून घर फार शांत झाले आहे, पण तुम्हा सर्वांची साथ मला बळ देते.' खाली रडक्या चेहऱ्यांची रांग लागली होती.

"काढून टाका जल्दी," संघपाल म्हणाला.

"आता काय काढतो? सगळ्यांनी वाचलंय," प्रिया म्हणाली.

राजानंदने पुन्हा फोन तोंडाशी धरला. "लोक घाबरलेत. सगळं ठीक हाये म्हणून सांग. कुणी यायची गरज न्हाई. जरा चांगल्या भाषेत."

या वेळी त्याने वाचून पाहिलं. 'माझ्यामुळे कुणालाही त्रास होऊ नये, एवढीच इच्छा आहे. कृपया कुणीही येऊ नये. आजवर दिलेल्या प्रेमाबद्दल सर्वांचा मनापासून ऋणी आहे.' त्याला ते फार सभ्य वाटलं. त्याने पाठवून दिलं.

संघपालने वाचून डोक्याला हात लावला. "दादा, हा तर निरोप घेतल्यावानी झाला!"

आणि मग फोन थांबेना. जालन्याचा चुलतभाऊ निघाला होता. सिल्लोडचा मेहुणा निघाला होता. शेवटी साक्षीचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "मी निघाले," आणि ठेवला.

आक्का सगळ्यात आधी आली, एसटीतून मांडीवर वरणाचं पातेलं धरून. चार वाजेपर्यंत खोली भरली. प्रत्येकाने डबा आणला होता आणि घाईत निघाल्यामुळे प्रत्येकजण उपाशी होता. राजानंद ताटं मांडत, पाणी देत, चहा ठेवत फिरत होता. त्याला कुणी बस म्हणेना, कारण बसायला जागाच नव्हती.

आक्काने जेवता जेवता प्रियाला धरलं. "भिताडाला भिताड लागून घर, अन् माझा भाऊ उपाशी?"

"आक्का, मी रोज इचारते. दादा म्हणतेत झालं."

"मला बी तेच म्हणतो."

सगळ्यांनी राजानंदकडे पाहिलं. त्याच्या हातात चहाची किटली होती.

"म्हंजे रोजच खोटं बोलत व्हता का रं?"

"रोज न्हाई," तो म्हणाला. "अधूनमधून."

दारातून आवाज आला, "अधूनमधून म्हणजे किती, पप्पा?" साक्षी उभी होती. चप्पलही काढली नव्हती. "कपडे भरा. मी गाडी वळवून ठेवलीय."

"मी न्हाई येणार."

"का पण?"

राजानंदने किटली खाली ठेवली. "तिकडं मी काय करू? हितं डोळे झाकून सगळं सापडतं. तिनं जिथं ठिवलं तिथंच हाये अजून."

साक्षीने चप्पल काढली.

मग आक्का ताटातच हात धुऊन म्हणाली, "मंग मी राह्यते हितं. माझी सून खूशच होईल बिलकुल." साक्षीला ते पटलं. राजानंदला कुणी विचारलं नाही. दिवे लागायच्या आत डबे विसळून सगळे आपापल्या घरी गेले, आक्का सोडून.

सकाळी राजानंद ओट्यावर बसला होता. आत आक्काने त्याचा फोन समोर उभा करून ठेवला होता आणि भाजी निवडत सुनेची गोष्ट पहिल्यापासून सांगत होती. साक्षीने शिकवल्यासारखंच सगळं नीट समजावून. बऱ्याच वेळाने फोनला बोलायला सवड मिळाली.

"तुमच्या भावना मी समजू शकतो," तो म्हणाला. "कदाचित सूनबाईंचीही काही बाजू असेल."

"तू कुणाचा रं मुडद्या?" आक्का कडाडली. "तिनं शिकवून ठिवलं का तुला? थांब, आता तिच्या मायची गोष्ट ऐक."

भिंतीपलीकडून प्रियाने डोकावून हळूच विचारलं, "दादा, आक्का लई बोलून राह्यल्या. तरास होतो का?"

राजानंदने थोडा वेळ आतला आवाज ऐकला. वर्षभरात या घरात सकाळी इतकं कुणी बोललं नव्हतं.

"मला न्हाई," तो म्हणाला.