सप्तवीर बेपत्ता

डहाणू रोड स्टेशनचे पार्सल क्लार्क एकनाथ चुरी स्वतःला तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे एकमेव तर्कसम्राट म्हणवत. चिकूची पेटी नुसती हुंगून आत कच्चे किती, पिकले किती ते आपण ओळखतो, असं ते सांगत. पेटी उघडून कुणी पडताळत नसे, म्हणून ही कीर्ती टिकून होती.

त्यामुळे जूनमधल्या एका रविवारी शांताराम मास्तरांच्या ओटीवरून 'सप्तवीर'चा शेवटचा अंक नाहीसा झाला, तेव्हा तपास आपोआप त्यांच्याकडे आला. म्हणजे त्यांनी तो घेतला.

अंक इंग्रजी. जमनादास शेठ मुंबईच्या फूटपाथवरून हे रंगीत चित्रकथांचे अंक आणत, मास्तर दर रविवारी मराठीत वाचून दाखवत, आणि धाकट्या डहाणूचा धोंडू तांडेल मासळीची टोपली घेऊनच ऐकायला येई. पूर्वी यातला एकेक वीर आपापल्या पुस्तकात एकटाच जग वाचवायचा. मग छापणाऱ्याने सातही जणांना एका पुस्तकात कोंबलं, आणि जग वाचवता वाचवता त्यांची जी आपसात जुंपली, तीच खरी गोडी होती. एकाला उडता येई, एक समुद्राच्या तळाशी राही. पण एकट्याने कुणाचंच भागत नसे. मागल्या अंकाच्या शेवटी सातव्याने बाकीच्यांना फितूर ठरवलं होतं नि टोळी फुटली होती.

मास्तरांच्या पत्नी मनोरमावहिनींनी चहा आणून ठेवला. एकनाथरावांनी कपबशी टेबलावरच्या शालेय पुस्तकांच्या चळतीवर ठेवली आणि डोळे मिटले.

"धोंडू, तुझ्या टोपलीला वास येतोय."

"मासली हाय तिच्यात."

"म्हणजे बांधायला कागद लागला."

धोंडूने टोपली पुढे सरकवली. आत पळसाची पानं होती.

"शेठ, तुमच्या दुकानात पुड्या कशात बांधतात?"

"अरे चुरीभाई, मीच मुंबईहून आणेला, नी मीच तेच्यात साबुदाणा बांधू?"

"मग राहिले मास्तर. शेवट पसंत पडला नाही, म्हणून दडवलात."

मास्तरांनी चष्मा काढून मिटला. "एकनाथराव, हे रविवार आता पुरे करू या."

धोंडूने टोपली उचलली. शेठ चपला शोधू लागले. एकनाथरावांची बदलीची नोकरी, एकटा जीव. आठवडाभर ते चिकूच्या पेट्यांशीच बोलत. रविवार गेला तर त्यांना माणूसच उरत नव्हतं.

तेवढ्यात वहिनी कप न्यायला आल्या. "अहो, पुस्तकांवर काय ठेवता? सकाळी सगळ्यांना कव्हरं घातलीत मी."

मास्तरांच्या घरी जूनमध्ये पंचांगालासुद्धा खाकी कव्हर चढे. मास्तरांनी चळतीतलं सर्वांत वरचं, सर्वांत पातळ पुस्तक उचललं. खाकी कागदावर बशीचा ओला गोल उमटला होता. उघडलं, तर आतून सातवा वीर बाहेर बघत होता.

"त्याची पानं सुटत होती, म्हणून घातलं," वहिनी म्हणाल्या. "मला विचारलंत का कुणी?"

"बशी जरा कलतेय, हे माझ्या लक्षात आलंच होतं," एकनाथराव म्हणाले. मग ते उठून पायरीवर जाऊन बसले.

मास्तर वाचू लागले. फितूर कुणीच नव्हता. सातवा वीर मान खाली घालून दाराबाहेर उभा होता.

"मग घेतला का नाय त्याला परत?" धोंडूने विचारलं.

मास्तरांनी पान उलटलं. "घेतला. आधी चांगला झापला, मग घेतला."

धोंडूने बाकावरची टोपली उचलून खाली ठेवली.

"या साहेब," तो म्हणाला. "वास येल, पन बसा."