अनुजपेक्षा भारी बॅग

"बॅगेतलं मला कोणी शिकवू नये!" प्रेमराजनं जेवता जेवता जाहीर केलं. ज्योतीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, आणखी एक भाकरी वाढली. पंधरा दिवस घरात दुसरा विषयच नव्हता.

प्रेमराज जळगावात दुकानदारांना बिलाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका छोट्या कंपनीत होता. कंपनीचा सतरा इंची लॅपटॉप त्याच्या ताब्यात. लॅपटॉप कसला, जेवायचा पाटच! लग्नात आहेर आलेल्या ब्रीफकेसमधून तो वागवताना प्रेमराजचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली गेला होता.

पण खरं दुखणं खांद्याचं नव्हतंच. खरं दुखणं अनुजचं होतं! हा पोरगा कंपनीत त्याच्यानंतर दोन वर्षांनी लागलेला, लॅपटॉप वहीएवढा, आणि पाठीवर अशी बॅग, की बघत राहावं. मऊ गादीचे पट्टे, छातीवर बकल, पाण्याच्या बाटलीला वेगळा कप्पा. ऑफिसात येईल त्याला तो बॅग उचलून बघायला द्यायचा. हे सगळं प्रेमराजनं सोसलं असतं. पण परवा बाजारात अनुज भेटला आणि ज्योती म्हणाली, "किती ऐटीत दिसतो ना, बॅग लावून!" त्या रात्री प्रेमराजला भाजी कडू लागली.

त्यात साहेबांनी, रुपचंदसाहेबांनी, फर्मान काढलं. "धुळ्याच्या नेमीचंद शेठना डेमो द्यायचाय. पाच दुकानं आहेत त्यांची. दोघंही जा. शेठची नजर कमी झालीय, मोठा स्क्रीन न्या. ज्याच्या डेमोवर काम मिळेल, तो धुळे शाखेचा प्रमुख!"

प्रमुख! प्रेमराजला खुर्ची दिसायला लागली. खुर्चीत अनुज दिसला आणि तो ताबडतोब बॅग घ्यायला निघाला.

बाजारातली सगळ्यांत चांगली बॅग नेमकी अनुजसारखीच निघाली. "हीच घ्या," दुकानदार म्हणाला, "लॅपटॉप आणा, घालून बघा."

"हिच्यापेक्षा भारी दाखवा!"

"हिच्यापेक्षा भारी सूटकेस येते."

म्हणून प्रेमराज शकीलभाईंकडे गेला. शकीलभाई मोटरसायकलची सीट कव्हरं शिवायचे. केळीवाल्यांच्या फवारणी पंपांना पट्टेही त्यांचेच. दिवसभर पंप पाठीवर घेऊन माणूस फिरला, तरी खांदा कुरकुरत नसे. एवढा अनुभव कुठल्या कंपनीकडे असणार?

"माप बोला," शकीलभाईंनी गळ्यातली टेप काढली.

"सतरा इंच."

"लांबी का उंची?"

लॅपटॉपचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात, हे प्रेमराजच्या गावीही नव्हतं. लॅपटॉप घरी राहिलेला. पण माहीत नाही म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"दोन्ही!" तो म्हणाला.

"चौकोनी? बरं. आणि जाडी?"

प्रेमराजला अनुजची बॅग आठवली. ती चार बोटं होती. "एक वीत धरा! आणि वरून थोडी माया ठेवा, अंगासरशी नको."

"प्रेमराजभाऊ, एकदा लॅपटॉप आणून दाखवा ना. मी सीटसुद्धा गाडी बघितल्याशिवाय शिवत नाही."

"शिवा हो तुम्ही!"

शकीलभाईंनी शिवली. चारी बाजूंनी सीटचा फोम घातला, त्याची जाडी वेगळी. लाल रेक्झिन, पंपाचे पट्टे. चौथ्या दिवशी प्रेमराजनं बॅग पाठीवर चढवली आणि डोळेच मिटले. काय आराम! जणू कोणी मागून धरून चालवतंय. आत लॅपटॉप मात्र रिकाम्या खोलीत एकटा पाहुणा झोपावा तसा पडला होता. ज्योतीनं पुढून बघितलं, मागून बघितलं, आणि ती म्हणाली, "दारातून तिरके निघा."

एस.टी.त अनुजनं ती बॅग बघितली आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. जळतोय! प्रेमराज सुखावला. पारोळ्याला चढलेले एक आबा जागा नव्हती म्हणून सरळ बॅगेवर बसले. प्रेमराज ओरडणार, तोच आबा म्हणाले, "काय मऊ शे रे भाऊ! बसना सीटपेक्षा तुनीच बरी!" प्रेमराजनं अनुजकडे विजयी नजरेनं पाहिलं आणि आबांना थेट धुळ्यापर्यंत बसू दिलं. फोममुळे लॅपटॉपला काही झालं नाही, हे विशेष.

शेठच्या बंगल्याच्या फाटकावर जीवराम राखणदार होता. अनुजला त्यानं नमस्कार करून आत सोडलं. प्रेमराजपुढे काठी आडवी धरली आणि फाटकाजवळच्या बाकाकडे बोट केलं.

"पार्सल आठेच ठेव, भाऊ. वर जावानं नही."

"पार्सल? अरे, मी डेमो द्यायला आलोय!"

"बठ्ठा पार्सलवाला आसंच सांगतस."

"मी वर जाऊन सांगतो," अनुज म्हणाला आणि पायऱ्या चढून गेला. लगेच शेठच्या आई, सायरबाई, खाली आल्या. मोठा लाल चौकोन बघून त्यांचा जीव भांड्यात पडला.

"आलास का रे भाऊ? सकाळपासून वाट बघतेय. नातीकडे पापड, लोणचं पोचवायचंय. जिनलकडे, देवपूरला. पत्ता डब्यावर आहे."

प्रेमराज सांगणारच होता. तोंड उघडलंही. पण तेवढ्यात त्याच्या डोक्यात एक भारी विचार आला. घरात शब्द कोणाचा चालतो? आईचा! अनुज बसू दे वर शेठची मनधरणी करत. आपण थेट मुळालाच पाणी घालू!

"द्या अक्का!" तो म्हणाला. "जागा भरपूर आहे."

पापडाचे दोन डबे, लोणच्याची बरणी, खाकऱ्याची थप्पी, एक स्टीलचा डबा... लॅपटॉपच्या उरावर सगळं बसलं, आणि तरी वीतभर जागा उरली! जीवरामनं स्वतः बॅग पाठीवर चढवून दिली. रिक्षा मिळेना म्हणून प्रेमराज पांझरा नदीचा पूल चालत ओलांडून देवपूरला गेला. खांदा जराही दुखला नाही. हे अनुजच्या बॅगेला जमलं असतं? नाव नको!

जिनलनं डबे उतरवून घेतले, पाणी दिलं आणि मोबाईल काढला. "दादा, फारच सांभाळून आणलंत. किती स्टार देऊ? तुमचं नाव ॲपवर दिसत नाही."

"पाच द्या," प्रेमराज म्हणाला. "आणि आजींना फोन करून नक्की सांगा. नाव प्रेमराज."

तिनं तिथल्या तिथे फोन लावून सांगितलं. प्रेमराज तरंगतच बंगल्यावर परतला. शेठ, अनुज आणि सायरबाई दारातच उभे होते.

"आई, हा माणूस कोण?" शेठनी विचारलं.

"हा प्रेमराज. गुणी आहे हो! याच्यासारखा पार्सलवाला धुळ्यात नाही!"

"शेठ, मी डेमो..." प्रेमराज लॅपटॉप काढू लागला. लॅपटॉपला लोणच्याचा वास येत होता.

"डेमो झाला की!" शेठ म्हणाले. "अनुजनं आमच्या टीव्हीला जोडून दाखवला. अक्षर न् अक्षर दिसलं. काम पक्कं. आता तुम्ही चहा तरी घ्या."

परतीच्या एस.टी.त प्रेमराज खिडकीबाहेर बघत बसला. शेजारी अनुज फोनवर रुपचंदसाहेबांना "थँक्यू सर, थँक्यू सर" म्हणत होता. एकेक थँक्यू प्रेमराजच्या काळजात रुतत होता. फोन ठेवून अनुज जरा घुटमळला.

"प्रेमराजभाऊ, एक मागू? तुमची बॅग दोन दिवस द्याल?"

प्रेमराज गर्रकन वळला. अनुज! त्याची बॅग मागतोय! स्वतःची ती बकलवाली मांडीवर असताना! "का रे?" त्यानं शक्य तितक्या बेफिकिरीनं विचारलं.

"रविवारी धुळ्याला बिऱ्हाड हलवायचंय. गादी-उशा एकाच फेरीत जातील."

घरी दार उघडताच ज्योतीनं विचारलं, "काय झालं हो धुळ्याला?"

"काय होणार?" प्रेमराज आत तिरका शिरत म्हणाला. "अनुज जळून खाक झाला! दोन दिवसांसाठी का होईना, पण बॅग माझ्याकडूनच मागून घेतली त्यानं!"