अकरा हजार दोनशे सात फोन

सकाळी सातला फोन वाजला तेव्हा कुणीतरी घराबाहेर अडकलं असणार, असं समजून कुलूपकाकांनी तो उचलला. अडलेली कुलपं उघडून देणं आणि किल्ल्या घडवणं हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा, त्यामुळे खरं नाव बायकोखेरीज कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"अहो, लाज वाटत नाही का?" पलीकडचा गृहस्थ कडाडला. "छप्पर गळतंय का, छप्पर गळतंय का! कालपासून सहा वेळा विचारलंत. मी तळमजल्यावर राहतो!"

"मी कधी विचारलं?"

"तुम्ही नाही, तुमची ती बाई! समोरच्याचं ऐकून तरी घेते का? आपलंच घोडं दामटते!"

काकांनी बायकोकडे पाहिलं. ती बिचारी मुकाट्याने चहा गाळत होती.

दुपारपर्यंत छत्तीस जणांनी काकांचा उद्धार केला. एक आजोबा तेवढे प्रेमाने बोलले. "माझं खरंच गळतंय हो, कधी येताय?" म्हणाले, आणि पत्ता लिहून घ्यायला लावला.

शेवटी फोन कंपनीतल्या मुलीने उलगडा केला. कुणी भामटे यंत्राने घरोघरी फोन लावत होते आणि स्वतःचा नंबर दिसू नये म्हणून त्यांनी काकांचा नंबर पुढे केला होता.

"आता नवी सोय आलीय, काका," मुलगी म्हणाली. "फोन खरंच त्याच नंबरवरून निघालाय ना, हे आम्ही तपासतो. खात्री पटली की समोरच्याला हिरवी खूण दिसते."

"मग माझी पटवून घ्या की!"

"तुमच्या नंबरावर तक्रारी फार आल्यात. चौकशी होईपर्यंत तुमचा फोन गेला की तिथे 'फसवणुकीची शक्यता' असं दिसणार."

झालं! दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या एका शिक्षिकेची किल्ली घरात राहिली. तिने काकांना बोलावलं, काका धापा टाकत पोचले, तर खालचं फाटक बंद. त्यांनी फोन लावला, तिने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. नऊ वेळा हा खेळ झाल्यावर काकांनी खालूनच बोंब ठोकली, तेव्हा ती जिन्याच्या खिडकीतून डोकावली.

"तुम्हीच कुलूपकाका कशावरून?"

काकांच्या वर्मी लागलं. कारण हा प्रश्न त्यांचा होता! घर कुणाचंही असो, "हे तुमचंच कशावरून?" असं विचारून पुरावा बघितल्याशिवाय ते पिशवीतून हत्यार काढत नसत. या प्रश्नापायी त्यांनी सख्खी बहीण गमावली होती. चार वर्षांपूर्वी ताई नव्या घरी राहायला गेली आणि पहिल्याच दिवशी वाऱ्याने दार लागलं. हातात भाजीची पिशवी, भोवती नवे शेजारी, आणि हा शहाणा तिला सगळ्यांदेखत म्हणतो, "बाई, हे घर तुमचंच कशावरून?" ताईने दुसरा कारागीर बोलावून दार उघडून घेतलं आणि भावाशी बोलणं टाकलं. काका रोज ठरवत, आज फोन करायचा. जीव तुटायचा, पण नाक आडवं यायचं. नियम पाळला, यात माझं काय चुकलं?

त्या संध्याकाळी फोनवर ताईचं नाव उमटलं आणि काकांच्या हातातली कानस खाली पडली.

"काय रे, परवा तुझा फोन येऊन गेला."

काकांच्या लख्खकन ध्यानात आलं. ते भामटे ताईच्याही घरी पोचले होते. खरं सांगावं तर ताई फोन ठेवणार.

"हो... म्हणजे, सहजच केला होता."

"चार वर्षांनी सहज?"

"आठवण आली गं," काका म्हणाले. एवढं मात्र शंभर टक्के खरं होतं.

"बरं. उद्या येते."

ताई आली, दोघी नणंद-भावजयांचा गप्पांचा फड जमला. काका आनंदाच्या भरात एकाच कुलपाला तिसऱ्यांदा तेल देत होते. तेवढ्यात फोन वाजला. हात तेलकट, म्हणून बायकोने स्पीकर लावून दिला.

"काका, चौकशी झाली!" कंपनीतली मुलगी होती. "तुमच्या नंबराने अकरा हजार दोनशे सात फोन झालेत. 'यातला एकही मी केलेला नाही' एवढं बोला. रेकॉर्ड करते आणि लगेच हिरवी खूण लावते."

बायको डोळे वटारून "बोला की" म्हणून खुणावत होती. ताई खाली मान घालून बशीशी चाळा करत होती.

काकांनी घसा खाकरला. "अकरा हजार दोनशे सहा माझे नाहीत."

"आणि उरलेला?"

"तो माझा. बहिणीला केलेला."

"अहो काका, ते सगळे यंत्राचे आहेत! एक जरी तुमचा म्हणालात तर तुमचा अर्ज बाद होईल. महिनाभर पुन्हा फसवे म्हणून राहाल. धंद्याचं काय?"

"राहीन," काका म्हणाले. "पण तो माझाच."

ताईने बशी ठेवली आणि फोन स्वतःकडे ओढला. "अगं पोरी, मी त्याची बहीण. खोटं बोलतोय तो. फोन उचलला होता मी. छप्पर गळतंय का म्हणून एक बाई भुणभुण करत होती. हा कसला फोन करतोय! चार वर्षांत एकदा केला नाही. लाव तुझी खूण."

मुलगी खुदकन हसली. काकांना मात्र कुठे तोंड लपवावं कळेना.

"तुला माहीत होतं? मग फोन कशाला केलास?"

"मलाही निमित्त कुठे मिळत होतं?" ताईने डोळे पुसले आणि चपला पायात सरकवल्या. "आता घरी पोचले की एक खरा फोन कर. लगेच उचलणार नाही हं, सांगून ठेवते. मोठी आहे मी, थोडा मान पाहिजे."

काकांना कुठला एवढा धीर! ताई जिना उतरते न उतरते तोच त्यांनी तेलकट बोटांनीच नंबर लावला. खाली तिची पर्स वाजू लागली. ताई थांबली, फोन काढला, हिरवी खूण नीट बघून घेतली, आणि पाच वेळा वाजू दिल्यावर उचलला.