अमेरिकेवर सांडलेला चहा

गुरुवारी दुपारची पार्सलांची गाडी बहारीनमधल्या सीफच्या मॉलमधून निघून गेली आणि त्यानंतर बरोबर सहा मिनिटांनी जेकब तुस्कानोच्या कुरिअर ऑफिसात एक अमेरिकन जोडपं येऊन उभं राहिलं. नवरा एका खिडकीसमोर, बायको दुसरीसमोर. दुसऱ्या खिडकीवरची तय्यबा जेवायला गेली होती, त्यामुळे दोघांनाही उत्तरं द्यायचं काम एकट्या जेकबवर आलं आणि तो चाकाच्या खुर्चीवरून इकडून तिकडे सरकत राहिला.

"हे मंगळवारच्या आत पोचलं पाहिजे," नवरा म्हणाला. हा डग ब्रॅनिगन. सत्तरीचा, ताडमाड उंच, नेव्हीतला जुना इंजिनियर, आता जुफैरला राहणारा. "माझं मत आहे यात. इलेक्शनचं."

"आणि यात माझं," पलीकडून बायको म्हणाली. ही मर्ली. उंचीला नवऱ्याच्या निम्मी, आवाजाला दुप्पट. "आणि त्याच्याबरोबर एका पिशवीत टाकू नका."

"सर, साध्या पोस्टानं स्वस्त पडेल," जेकब इमानदारीत म्हणाला.

"पोस्ट सरकारचं असतं."

"आणि सरकारवर याचा विश्वास नाही," मर्ली म्हणाली. "चाळीस वर्षं त्याच सरकारचा पगार खाल्ला."

"म्हणूनच नाही. मी ते आतून बघितलंय."

जेकबनं दोन्ही लिफाफे कंपनीच्या जाड पुठ्ठ्याच्या कव्हरांत घातले, वर नावं लिहिली, पावत्या दिल्या. मग चाचरत सांगितलं, की आजची गाडी गेली, उद्या शुक्रवारी गाडी नाही, आता शनिवारी सकाळी. तोवर लिफाफे ऑफिसच्या कपाटात सुरक्षित राहतील.

"कपाटाच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत?" डगनं विचारलं.

खोटं बोलणं जेकबच्या रक्तात नव्हतं. त्यानं बोटांवर मोजलं. "मी, मॅनेजर, मॉलची सिक्युरिटी, आणि सफाईवाले."

"चार," डग बायकोकडे बघून म्हणाला. मर्लीनंही मान हलवली. बहुधा त्या महिन्यात दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं असावं. "तुम्ही घरी घेऊन जा. तुमचा चेहरा सरळ दिसतो."

कस्टमरचं पार्सल घरी नेणं म्हणजे नोकरीवर पाणी. जेकबला हे सांगायचं होतं. त्याऐवजी तो म्हणाला, "मॅडम, एवढ्या मोठ्या देशात दोन मतांनी काय फरक पडतो?"

"मागच्या वेळी आमच्याकडचा जज्ज चार मतांनी निवडून आला," मर्ली म्हणाली.

"भिकार जज्ज," डग म्हणाला.

"उत्तम जज्ज," मर्ली म्हणाली.

एकोणीस वर्षांत जेकबनं या हातांनी लग्नाचे शालू पाठवले होते, लोणच्याच्या बरण्या पाठवल्या होत्या, एकदा तर एका म्हाताऱ्याची विसरलेली कवळी लंडनला रवाना केली होती. पण चार मतांनी जिथे जज्ज होतो, तिथली दोन मतं? त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यानं लिफाफे दोन्ही हातांनी उचलले.

त्याच्या गुदैबियातल्या बिल्डिंगीला लिफ्ट होती, पण ती मधेच अडकायची. आज धोका नको म्हणून जेकब बॅग छातीशी धरून जिन्यानं चढला. दुसऱ्या मजल्यावर जयप्रकाश लेले भेटले. लेले पुण्याचे, एका बांधकाम कंपनीत अकाउंटंट. अमेरिकेत कधी गेले नव्हते, पण तिथल्या राजकारणाबद्दल ते असं बोलत की जणू काही सकाळीच तिकडून जाऊन आले आहेत.

"काय जेकबराव, सोनं आणलंत?"

जेकबला राहवलं नाही. "त्याहून जास्त," तो म्हणाला, आणि सगळं सांगून बसला.

लेले हत्तीवाले. म्हणजे अमेरिकेतल्या ज्या पक्षाचं चिन्ह हत्ती, त्या पक्षाचे. तिसऱ्या मजल्यावरचा अर्शद मुकादम गाढववाला. तो रत्नागिरीचा, मीना सलमान बंदरातल्या एका गोदामात सुपरवायझर. गेल्या निवडणुकीपासून दोघं एका गाडीतून कामावर जात नसत. भर जिन्यात, शेजाऱ्यांच्या देखत, "होय, मी गाढव आहे आणि मला अभिमान आहे!" असं अर्शद एकदा ओरडला होता, आणि लेल्यांनी त्यावर "प्रथमच सहमत!" म्हटलं होतं.

अर्ध्या तासात दोघंही जेकबच्या घरात होते. जेकबनं लिफाफे बाहेरच्या खोलीत, मेरीमातेच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवले होते, कारण घरात त्याहून सुरक्षित जागा त्याला सुचली नव्हती. लेल्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. अर्शदनं खालच्या दुकानातून सगळ्यांसाठी करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा आणला होता, कागदी कपांत, काठोकाठ. तिघं फळीसमोर रांगेत उभे राहिले.

"एवढासाच असतो?" अर्शद शेवटी म्हणाला.

"आत बघ काय आहे ते," लेले पुटपुटले. "याच्यासाठी जहाजं हलतात."

जेकबची बायको फ्लोरी एका क्लिनिकमध्ये नर्स होती. सकाळची शिफ्ट संपवून ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. "दोन पुठ्ठे आहेत," ती म्हणाली. "चहा प्या आणि घरी जा."

पण लेल्यांनी नावं वाचली होती. "हा डग म्हणजे आमचाच. नेव्हीतला माणूस. हत्ती."

"नेव्हीतले सगळे हत्ती, हे तुम्हाला कोण बोललं?" अर्शद उसळला. "सरकारवर भरवसा नाही बोलला ना तो? मग सरकार कोणाचं आहे ते बघा, आणि मग बोला!"

"सरकार कुणाचंही असो, विश्वास न ठेवणं ही आमची परंपरा आहे!"

"हरलात की मोजणी खोटी, जिंकलात की खरी! ही तुमची परंपरा!"

"आणि तुमची?"

"वल्लाह, आमची तर..." अर्शदनं हात उंचावला. ज्या हातात कप होता, तोच.

चहा हवेत गेला. खोलीतल्या चौघांनीही तो जाताना पाहिला. मेरीमाता वाचली, मेणबत्ती वाचली, मर्ली ब्रॅनिगन वाचली. डग ब्रॅनिगन मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत भिजला.

पहिला आवाज लेल्यांचा. "मुद्दाम! नेमका आमचा!"

"तुमचा कशावरून? आमचा असला तर? मीच माझं मत बुडवलं असेल!" अर्शदचा चेहरा खरोखर पांढरा पडला होता.

जेकब रुमालानं पुठ्ठा टिपत होता. टिपावं तसा डाग पसरत होता. लेले गंभीरपणे म्हणाले, "हे बघा जेकबराव, भिजलेलं मत रद्द होणार. म्हणजे एका बाजूवर अन्याय झाला. न्याय करायचा तर आता दुसराही भिजवला पाहिजे." आणि त्यांनी स्वतःचा कप उचलला.

"लेलेकाका, कप खाली," फ्लोरी म्हणाली. इंजेक्शनच्या वेळी ती जो आवाज काढायची तोच हा आवाज होता. कप खाली गेला. पुढच्या मिनिटाला दोघंही जिन्यात होते आणि दार बंद होतं.

जेकब डोकं धरून बसला. दारापलीकडून अर्शद हळूच म्हणाला, "जेकबभाय, ऑफिसात नवीन कव्हर असेल ना? बदलून टाक. खलास. कोणाला कळतंय?"

खरंच होतं. तसली कव्हरं जेकबच्या खणात पन्नास पडली होती. दोन मिनिटांचं काम. पण बंद केलेलं मत, ज्याचं त्याला न विचारता उघडायचं? आणि सांगायला जावं, तर तो म्हातारा मॅनेजरला एक फोन करणार आणि नोकरी खलास. नोकरी गेली की व्हिसा, व्हिसा गेला की हे घर.

"फ्लोरी, काय करू?"

"त्या माणसाचा सरकारवर विश्वास नाही, पोस्टावर नाही, तुझ्या मॅनेजरवर नाही," फ्लोरी म्हणाली. "एका तुझ्यावर ठेवला. जाऊन सांग."

शुक्रवारी चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून, बॅगेत दोन्ही लिफाफे आणि ऑफिसातून आणलेलं नवीन कव्हर घेऊन, जेकब जुफैरला ब्रॅनिगनांच्या दारात उभा राहिला. आत दोन खोल्यांत दोन टीव्ही चालू होते. दोन्हीकडे बातम्या होत्या, पण एकीकडच्या बातम्यांत अमेरिका वाचत होती आणि दुसरीकडे त्याच वेळी बुडत होती. जेकबनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फळी, हत्ती, गाढव, चहा. काही वगळलं नाही. मग दोन्ही लिफाफे टेबलावर ठेवले.

डगनं डागाळलेला पुठ्ठा उचलला, वास घेतला. "वेलची?"

"येस सर. आणि केशर."

मर्लीनं कात्री आणली, आणि नवऱ्याला न विचारता कव्हर कापलं. आतला सरकारी लिफाफा कोरडा ठणठणीत निघाला. जेकबनं मनात मेरीमातेला दोन मेणबत्त्या कबूल केल्या. तेवढ्यात मर्लीनं लिफाफा उलटा केला आणि तिच्या भुवया चढल्या.

"डग. सही कुठे आहे?"

"केली असणार."

"कुठे? दाखव! इथे सही नसेल तर ते हा उघडणारसुद्धा नाहीत. तसाच बाजूला टाकतील."

डगनं चष्मा लावला. चष्मा काढला. पुन्हा लावला. सहीची रेघ कोरीच राहिली. चहा सांडला नसता तर ते मत हजारो मैल उडत जाऊन एका रद्दीच्या ढिगात पडलं असतं, आणि डग ब्रॅनिगनला ते जन्मात कळलं नसतं. जेकब न विचारता खुर्चीवर बसला.

"मर्ली," डग सावकाश म्हणाला, "तू गप्प बसली असतीस तर तुझी बाजू एका मतानं पुढे होती."

"एकेचाळीस वर्षं तुझ्याविरुद्ध मत देतेय मी," मर्ली कडाडली. "मला तुला मोजणीत हरवायचंय, रद्दीत नाही. पेन घे!"

डगनं निमूटपणे सही केली. मर्ली त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती, सही रेघेवर बसते की नाही. जेकब ते तोंड उघडं टाकून पाहत राहिला. आपल्याला हरवणाऱ्या मताची इतकी काळजी घेणारं माणूस त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. शेवटी न राहवून तो म्हणाला, "पण मॅडम, दोघांची मतं एकमेकांना कापतात. मग दोघंही घरी बसलात तर..."

"नाही!" दोघं एकदम ओरडले.

नवीन कव्हर चिकटवून झालं. जेकब म्हणाला, की आता हे तुम्हीच ठेवा, उद्या सकाळी ऑफिसात आणून द्या. डगनं दोन्ही लिफाफे त्याच्याच हातात परत ठेवले.

"सर, मी चहा सांडणारा माणूस."

"नाही," डग म्हणाला. "तू चहा सांडला हे सांगायला येणारा माणूस."

शनिवारच्या गाडीनं मतं गेली. सोमवारी संध्याकाळी जेकबच्या स्क्रीनवर दोन हिरव्या खुणा उमटल्या. पोचली. जिन्यात लेले आणि अर्शद वाट बघत होते.

"तो डग शेवटी कोण निघाला?" दोघांनी विचारलं.

"दोन्ही पोचली," जेकब म्हणाला आणि वर निघून गेला. दोघांनाही आपापली बाजू वाचल्याचं समाधान झालं.

घरी फ्लोरी वाल सोलत बसली होती. जेकब तिच्यासमोर बसला. गेले तीन दिवस त्याच्या डोक्यात तेच घोळत होतं.

"काय बाई आहे ती, फ्लोरी! नवरा एकीकडे, बायको एकीकडे, एकेचाळीस वर्षं. आणि एका टेबलावर जेवतात. आपल्याला नसतं जमलं. आपण कायम एका बाजूला."

"हं," फ्लोरी म्हणाली.

"आता बस्त्यावदादाचंच बघ." बस्त्याव हा जेकबचा थोरला भाऊ. जेकब बहारीनला यायच्या आदल्या वर्षी वसईकडच्या गावात तो ग्रामपंचायतीला उभा राहिला होता आणि एका मतानं पडला होता. तीन वेळा फेरमोजणी झाली, तहसीलदाराकडे अर्ज गेला, कलेक्टरकडे गेला. सरकारनं आपलं मत खाल्लं, असं बस्त्याव अजून दर रविवारी फोनवर सांगायचा, आणि जेकब इकडून "खाल्लंच, दादा" म्हणायचा. "सगळं घर एकजूट होतं. एक-एक मत पक्कं. तरी एका मतानं! तेव्हापासून माझा सरकारी मोजणीवरचा विश्वास उडाला तो उडालाच."

फ्लोरीनं एक शेंग सोलली. मग दुसरी.

"मोजणी बरोबर होती," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"तीन वेळा मोजली ना? तिन्ही वेळा बरोबर होती."

जेकबच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि तो हळूहळू उभा राहिला.

"फ्लोरी! तू? दादाला?"

"निवडून आले असते तर गावचा नळ स्वतःच्या अंगणात घेतला असता त्यांनी. सगळ्या बायका हंडे घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहिल्या असत्या."

"पण... वीस वर्षं! एक शब्द बोलली नाहीस!"

"कुणी विचारलंच नाही. सगळे सरकारला विचारत होते."

बावीस वर्षांचा संसार, आणि समोर बसलेल्या या बाईनं एकटीनं एक निवडणूक फिरवली होती, तीन फेरमोजण्या आणि एक कलेक्टर पचवला होता, आणि आता ती वाल सोलत होती. जेकब परत खाली बसला, जरा अंतर ठेवून. मग आदबीनं हात पुढे करून त्यानं थोड्या शेंगा आपल्याकडे ओढल्या.

तेवढ्यात फोन वाजला. स्क्रीनवर बस्त्यावदादाचं नाव होतं.

फ्लोरीनं मान वर केली नाही. जेकबनं फोन कानाला लावला, पलीकडचं बरंच ऐकून घेतलं, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच म्हणाला, "दादा, सरकार कधीकधी बरोबरही मोजतं रे."